डॉक्टरांचा होकार आणि दारापर्यंतची पावणेतीन वर्षं: ओल्मस्टेड प्रकरणाचा अभ्यास

मे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयातल्या उपचार करणाऱ्या चमूने लोइस कर्टिस या पंचवीस वर्षांच्या मुलीबद्दल एकमताने ठरवलं की, हिची तब्येत आता स्थिरावली आहे. तिला लागणारी देखभाल रुग्णालयाबाहेर, राज्य सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एखाद्या सामुदायिक सेवेतून मिळू शकेल. लोइस प्रत्यक्ष बाहेर पडली ती फेब्रुवारी १९९६ मध्ये.

या मधल्या पावणेतीन वर्षांवर एक खटला उभा राहिला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २२ जून १९९९ रोजी त्याचा निकाल लागला. ‘ओल्मस्टेड विरुद्ध एल. सी.’ हे त्याचं नाव. एल. सी. म्हणजे लोइस कर्टिस. टॉमी ओल्मस्टेड हे जॉर्जिया राज्याच्या मनुष्यबळ विभागाचे, म्हणजे ही रुग्णालयं चालवणाऱ्या सरकारी खात्याचे, आयुक्त होते, आणि त्या पदामुळे त्यांचं नाव खटल्याला लागलं. अपंग व्यक्तींच्या स्वतंत्र जगण्याबद्दल जगभरात जे बोललं जातं, त्यात हा निकाल वारंवार येतो. पण बहुतेक ठिकाणी येते ती त्याची कायदेशीर बाजू. मला इथे दुसरी बाजू मांडायची आहे. ‘घरी पाठवायला हरकत नाही’ असा शेरा लिहिला गेल्यापासून माणूस खरोखर स्वतःच्या दाराशी पोहोचेपर्यंत मध्ये काय काय लागतं, आणि ते उभं करायची जबाबदारी कुणाची? या एका प्रकरणात हा प्रश्न जितका उघडा पडतो, तितका क्वचितच कुठे पडत असेल.

दोन स्त्रिया, एक रुग्णालय

लोइसला बौद्धिक अक्षमता होती आणि सोबत छिन्नमनस्कतेचं, म्हणजे स्किझोफ्रेनियाचं, निदान होतं. पौगंडावस्थेपासूनच तिचं आयुष्य संस्था आणि रुग्णालयं यांच्या फेऱ्यांत गेलं होतं. मे १९९२ मध्ये ती जॉर्जिया रीजनल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखल झाली. कागदोपत्री ही भरती ‘स्वेच्छेने’ होती. हा शब्द आपल्याकडच्या केसपेपरवरही असतो. आत येताना सही स्वेच्छेची असते. बाहेर पडताना त्या स्वेच्छेला कुणी विचारत नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरी स्त्री इलेन विल्सन. कागदपत्रांत तिचा उल्लेख ई. डब्ल्यू. असा आहे. तिलाही बौद्धिक अक्षमता होती, आणि व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान होतं. ती फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याच रुग्णालयात आली. पुढच्याच महिन्यात रुग्णालयाने तिला डिस्चार्ज देण्याचा घाट घातला, पण कुठे? बेघरांच्या निवाऱ्यात. तिच्या वकिलाने प्रशासनाकडे तक्रार केली तेव्हा तो बेत मागे घेतला गेला. १९९६ मध्ये तिच्या मानसोपचारतज्ज्ञानेही सांगितलं की, हिच्यावर बाहेर, समाजात राहूनच उपचार होऊ शकतात. तरी ती आतच राहिली.

मार्च १९९५ मधला निवाऱ्याचा तो प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयापुढे दोनच वाटा होत्या: वॉर्डातली खाट किंवा निवाऱ्यातली सतरंजी. यांच्यामध्ये जे असायला हवं होतं, म्हणजे एखादं छोटं घर, सोबतीला मदतनीस, औषधांवर नजर ठेवणारं कुणी, अडीअडचणीला धावून येणारं कुणी, ते सगळं राज्याच्या योजनांच्या कागदावर होतं. इलेनसाठी मात्र त्यातलं काहीही हललं नाही.

अमेरिकेला हा अनुभव नवा नव्हता. १९५५ मध्ये तिथल्या राज्य मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसं होती. नवी औषधं आली, मोठ्या संस्थांतल्या हालांच्या बातम्या आल्या, १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा आला आणि रुग्णालयं रिकामी होऊ लागली. पण जी केंद्रं त्यांची जागा घेणार होती, ती ठरल्याइतकी कधीच उभी राहिली नाहीत. अनेक माणसं रस्त्यावर आली, अनेक तुरुंगात गेली. मग ‘बघा, बाहेर सोडलं की असंच होतं’ हा युक्तिवाद तयार झाला, आणि तो आजही आपल्याकडे तितक्याच आत्मविश्वासाने केला जातो. माणसाला सोडणं आणि माणसाची सोय करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली पहिली केली गेली, दुसरी राहिली. आणि खापर फोडलं गेलं ते माणसाच्या क्षमतेवर.

फोन आणि फिर्याद

अटलांटा लीगल एड सोसायटी ही गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था. तिथल्या वकील सू जेमीसन मनोरुग्णालयातल्या लोकांचं काम बघायच्या. लोइस त्यांना वॉर्डातून फोन करायची. तिचं विचारणं एकच असायचं: मी इथून कधी बाहेर पडणार? मे १९९५ मध्ये लोइसच्या वतीने फेडरल जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. पुढे इलेनही त्यात सामील झाली.

आधार होता अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या, १९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ या कायद्याचा. या कायद्याखालच्या नियमांत एक वाक्य आहे: सरकारी सेवा अपंग व्यक्तीला तिच्या गरजांना साजेशा, जास्तीत जास्त समाजात मिसळलेल्या ठिकाणी दिली पाहिजे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे शाळा, कार्यालयं, बसगाड्या असतील. जेमीसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच वाक्य मनोरुग्णालयाच्या दाराला लावलं. गरज नसताना माणसाला संस्थेत ठेवणं हाच भेदभाव आहे, असं त्यांचं म्हणणं.

राज्याचं उत्तर असं की, आम्ही या दोघींना अपंगत्वामुळे आत ठेवलेलंच नाही. पैसे नव्हते म्हणून बाहेरची सोय झाली नाही. जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश मार्विन शूब यांनी १९९७ मध्ये हे उत्तर फेटाळलं. अपुरा निधी हा बचाव होऊ शकत नाही, असा त्यांचा निर्णय होता. वरच्या न्यायालयाने तो मूळ मुद्दा उचलून धरला. फक्त राज्यावर पडणारा खर्च तपासायला प्रकरण खाली पाठवलं. तोवर जॉर्जियाने सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. सुरुवातीला २२ राज्यं जॉर्जियाच्या बाजूने उभी राहिली. अपंगांच्या संघटनांनी आपापल्या राज्यांत इतका पाठपुरावा केला की, प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत त्यातल्या बहुतेकांनी अंग काढून घेतलं. खटला कोर्टात चालतो, पण त्याचं वजन बाहेर ठरतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

एप्रिल १९९९ मध्ये सुनावणी झाली तेव्हा दोघीही रुग्णालयाबाहेर होत्या. मग खटल्यात उरलं काय? न्यायालयाने म्हटलं की, या दोघींच्या आयुष्यात संस्थेत जाणं-येणं इतक्यांदा झालं आहे की, उद्या पुन्हा हीच वेळ येणार नाही असं धरता येत नाही. म्हणून प्रश्न जिवंत आहे.

२,१०९ आणि ७००

निकालपत्रातला मला सर्वांत बोलका वाटणारा मजकूर एका तळटीपेत आहे. तो समजण्यासाठी तिथली पैशाची व्यवस्था थोडी सांगायला हवी.

गरिबांच्या आरोग्यसेवेसाठी अमेरिकेत मेडिकेड नावाची योजना आहे. १९६५ पासून चालणाऱ्या या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्यं मिळून करतात. शुश्रूषागृहात, म्हणजे नर्सिंग होममध्ये, माणसाला ठेवायचं असेल तर ती सेवा मेडिकेडमध्ये राज्यांना द्यावीच लागते. घरी मदतनीस पाठवायचा असेल तर ती सेवा बहुतांशी ऐच्छिक. १९८१ मध्ये कायद्यात बदल होऊन राज्यांना विशेष सवलत मागता येऊ लागली: जो पैसा संस्थेत खर्च झाला असता, तो माणसाच्या घरी, वस्तीत खर्च करायची परवानगी. पण या सवलतीखालच्या जागांची संख्या ठरलेली असते, आणि जागा भरल्या की प्रतीक्षायादी लागते.

जॉर्जियाला केंद्राने अशा २,१०९ जागा मंजूर केल्या होत्या. राज्याने वापरल्या ७००.

‘पैसे नव्हते’ या उत्तराची ही खरी स्थिती होती. मंजुरी होती, निम्म्याहून अधिक जागा पडून होत्या, आणि दोन स्त्रिया वॉर्डात बसून होत्या. यामागे कुणाचं क्रौर्य होतं असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच ते जास्त अस्वस्थ करतं. भरलेल्या रुग्णालयाचा कारभार आपोआप चालतो. पगार ठरलेले, पाळ्या ठरलेल्या, स्वयंपाकघर ठरलेलं. एका माणसाला बाहेर काढायचं म्हणजे कुणीतरी घर शोधायचं, घरमालकाशी बोलायचं, मदतनीस नेमायचा, राज्याने आपल्या वाट्याचा हिस्सा टाकायचा आणि पुढे काही बिनसलं तर उत्तर द्यायचं. संस्थेत काहीच न केल्याचा जाब कुणी विचारत नाही. बाहेर काढल्यावर झालेल्या प्रत्येक चुकीचा विचारतात. ही रचना बदलल्याशिवाय नुसत्या सद्हेतूने काही हलत नाही.

निकालाने काय दिलं, काय नाही

सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने म्हटलं की, गरज नसताना संस्थेत वेगळं ठेवणं हा अपंगत्वावर आधारलेला भेदभाव आहे. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालपत्र लिहिलं. त्यांनी दोन कारणं दिली. जी माणसं बाहेर राहू शकतात त्यांना आत ठेवलं की, ही माणसं समाजात राहण्याच्या लायकीचीच नाहीत असा समज पक्का होत जातो. आणि दुसरं, संस्थेतलं जिणं रोजच्या जगण्याच्या सगळ्याच गोष्टी आकसून टाकतं: घरच्यांशी नातं, माणसांत उठबस, कामधंदा, आर्थिक स्वावलंबन, शिक्षण, सांस्कृतिक आयुष्य.

मात्र हा अधिकार तीन अटींवर आहे. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी बाहेरची व्यवस्था योग्य ठरवली पाहिजे. त्या व्यक्तीचा तिला विरोध नसावा. आणि राज्याची साधनसामग्री व तिच्यावर अवलंबून असलेल्या इतरांच्या गरजा पाहता ती सोय करणं वाजवी असलं पाहिजे.

तिसऱ्या अटीवर अपंग चळवळीतले अनेक लोक नाराज होते, आणि ती नाराजी समजण्यासारखी आहे. पण त्यामागचा हिशेब नाकारता येत नाही. एका माणसाचा रुग्णालयातला खर्च आणि घरचा खर्च शेजारी शेजारी मांडला की घर स्वस्त दिसतं. पण एक खाट रिकामी झाली म्हणून रुग्णालयाचा वॉर्ड बंद होत नाही. वीज, कर्मचारी, इमारत तशीच राहते. काही वर्षं राज्याला दोन्हीकडे पैसे मोजावे लागतात. गिन्सबर्ग यांनी हे मान्य केलं आणि राज्यांना एक मार्ग दाखवला. लोकांना कमी बंदिस्त ठिकाणी नेण्याची सर्वंकष आणि खरोखर चालणारी योजना राज्याकडे असेल, आणि प्रतीक्षायादी वाजवी वेगाने पुढे सरकत असेल, तर राज्य आपला बचाव करू शकतं. ‘वाजवी वेग’ म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढची कित्येक वर्षं तिथले वकील या दोन शब्दांवर भांडत राहिले.

न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी निकालाला पाठिंबा देताना एक इशारा जोडला. या निकालाच्या धाकाने राज्यांनी माणसांना अपुऱ्या मदतीच्या भरवशावर बाहेर सोडलं तर ती शोकांतिका ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. विरोधात मत देणाऱ्या तिघांच्या वतीने न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं की, भेदभाव ठरवायला तुलना लागते. इथे कुणाशी तुलना आहे? मला थॉमस यांचा मुद्दा पटत नाही. वॉर्डाबाहेर स्वतःच्या घरी राहून उपचार घेणारे इतर सगळे आजारी लोक हीच इथली तुलना आहे. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिनसाठी आयुष्यभर रुग्णालयात राहायला कुणी सांगत नाही. केनेडींचा इशारा मात्र खरा होता, हे जॉर्जियानेच पुढे दाखवून दिलं.

बाहेर पडल्यानंतरचं आयुष्य

इलेन विल्सन १९९७ च्या निकालानंतर काही महिन्यांनी बाहेर आली आणि एका देखभाल करणाऱ्या व्यक्तीसोबत घरात राहू लागली. पुढे खटल्यात तडजोड झाली तेव्हा न्यायाधीश शूब यांच्यासमोर तिने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगितलं. संस्थेत असताना आपण एका छोट्या खोक्यात बसलो आहोत आणि बाहेर जायला वाट नाही असं वाटायचं, असं ती म्हणाली. आणि आता? आता वाटेल तेव्हा कूल-एड करून पिता येतं. फिरायला जाता येतं.

कूल-एड म्हणजे पाण्यात घालायची रंगीत, गोड सरबताची पूड. तिथल्या किराणा दुकानात अगदी स्वस्तात मिळते. या सगळ्या खटल्याचं फळ काय, असं विचारलं तर इलेनने हे सांगितलं, आणि मला ते कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं वाटतं. तहान लागल्यावर आपल्या हाताने आपल्याला हवं ते पेय करून घेणं, यासाठी स्वयंपाकघर आपलं असावं लागतं, फडताळाला कुलूप नसावं लागतं, दुकानात जायला वाट असावी लागते, हातात थोडे पैसे असावे लागतात, आणि कुणाची परवानगी मागावी लागू नये. सेवा मोजायच्या असतील तर त्या इथे मोजाव्यात. इलेन डिसेंबर २००४ मध्ये वारली, वयाच्या ५३ व्या वर्षी. तोवर दोघींनी ठिकठिकाणी जाऊन आपली गोष्ट सांगितली होती.

लोइसचं बाहेरचं आयुष्य सरळ रेषेत गेलं नाही. आधी गट-निवासांत, मग दुसरीकडे, असे बरेच मुक्काम झाले. गट-निवास म्हणजे चार-सहा जणांचं घर, पण कोण कुणासोबत राहणार हे संस्थेने ठरवलेलं, जेवायची वेळ संस्थेने ठरवलेली. रुग्णालय संपलं तरी रुग्णालयाची सवय भिंतींना चिकटून राहते. लोइसचं खऱ्या अर्थाने बस्तान बसलं ते नंतर, जेव्हा तिला ओळखणाऱ्या, तिच्या आवडीनिवडी जाणणाऱ्या माणसांचं वर्तुळ तिच्याभोवती जमलं आणि तिला काय हवंय हे विचारून मदतीची आखणी होऊ लागली. ती घरात, मदतनीसांच्या साथीने राहू लागली. चित्रं काढायची तिला मुळातच ओढ होती; ती आता चित्रकार म्हणून ओळखली जाऊ लागली, तिची प्रदर्शनं भरली, चित्रं विकली गेली. स्वतःच्या बालपणाचा फोटो तिच्याकडे नव्हता, म्हणून तिने लहानपणीची स्वतःची चित्रं रंगखडूंनी काढली. त्यातलं एक तिने जून २०११ मध्ये व्हाइट हाउसमध्ये जाऊन राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेट दिलं. लोइस नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्करोगाने गेली. त्या वेळी ती स्वतःच्या घरी होती.

इथे थोडं थांबून मदतीचे प्रकार वेगवेगळे बघायला हवेत, कारण आपण सहसा ‘पुनर्वसन’ या एकाच शब्दात ते कोंबतो. लोइसला घर लागलं. त्या घरात येणारी माणसं लागली, आणि ती माणसं सारखी बदलून चालणार नव्हती. औषधं आणि डॉक्टर लागले, पण घरावर सत्ता चालवणारे नव्हे, बाहेरून मदत करणारे. काम शोधायला मदत करणारी व्यक्ती लागली. व्हाइट हाउसच्या भेटीतही अशीच एक व्यक्ती तिच्यासोबत होती. आणि पगारपत्रकाशी काहीही संबंध नसलेली मैत्री लागली. पहिल्या चार गोष्टी सरकार विकत घेऊ शकतं. पाचवी विकत घेता येत नाही, पण तिला जागा ठेवता येते किंवा नियमांनी ती मारून टाकता येते.

जॉर्जियाचा धडा इतक्यात संपला नाही

निकाल जॉर्जियाविरुद्ध लागला, तरी जॉर्जियाची मनोरुग्णालयं लगेच सुधारली नाहीत. २००७ मध्ये अटलांटाच्या वर्तमानपत्राने राज्याच्या मनोरुग्णालयांतल्या संशयास्पद मृत्यूंवर मालिका छापली. पाच वर्षांत अशा किमान ११५ मृत्यूंची नोंद त्यात होती. केंद्रीय न्याय खात्याने चौकशी सुरू केली. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य आणि न्याय खातं यांच्यात करार झाला, आणि त्याचा पाया ओल्मस्टेड निकालच होता. गंभीर मानसिक आजार असलेल्या सुमारे ९,००० लोकांना समाजात राहून सेवा द्यायच्या. विकासात्मक अक्षमता असलेल्या सगळ्यांना १ जुलै २०१५ पर्यंत राज्य रुग्णालयांतून बाहेर आणायचं.

या करारातल्या सेवांची यादी वाचली की १९९५ मध्ये इलेनच्या खाट आणि सतरंजी यांच्यामध्ये काय नव्हतं ते कळतं. डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ता अशा चमूने रुग्णाच्या घरी जाऊन सेवा द्यायची, असे २२ चमू. ही पद्धत १९७० च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये घडवली गेली. भाड्याला मदत असलेली घरं. संकटाच्या वेळी पोलिसांच्या गाडीऐवजी घरी येणारं पथक. नोकरीत टिकून राहायला मदत. आणि स्वतः आजारातून गेलेल्या माणसांकडून मिळणारी साथ. या शेवटच्या बाबतीत जॉर्जिया देशात पुढे होतं: समव्यथी व्यक्तीने दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेडमधून देणारं ते १९९९ मध्ये पहिलं राज्य ठरलं. निकाल ज्या वर्षी त्याच्याविरुद्ध लागला, तेच हे वर्ष.

करार झाला तरी वाट सोपी झाली नाही. बाहेर आणलेल्या लोकांच्या देखभालीत त्रुटी निघाल्या, मृत्यू झाले, आणि काही काळ लोकांना बाहेर आणण्याचं कामच थांबवावं लागलं. २०१६ मध्ये कराराची मुदत वाढवावी लागली. ज्यांना संस्थाच बऱ्या वाटतात ते या मृत्यूंकडे बोट दाखवतात. ते ११५ मृत्यू रुग्णालयाच्या आतले होते, हे मात्र ते सांगत नाहीत. माझ्या मते दोन्हीकडच्या मृत्यूंचं कारण एकच आहे: माणसाची नीट ओळख नसलेल्या, कमी पगाराच्या, सारख्या बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांवर सगळी भिस्त. पत्ता बदलल्याने हा दोष जात नाही.

आपल्या दारी

भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारला. त्याचं कलम १९ स्वतंत्रपणे जगण्याचा आणि समाजात सामावून घेतलं जाण्याचा हक्क सांगतं. त्यातूनच आपले दोन कायदे आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि मानसिक आजार व बौद्धिक अक्षमता दोन्ही त्यात येतात. त्याचं कलम ५ म्हणतं की, दिव्यांग व्यक्तीला अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये आणि तिला वैयक्तिक मदतनिसासकट सामुदायिक सेवा मिळाव्यात. फक्त सरकार यासाठी ‘प्रयत्न करील’ अशी भाषा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याहून ठाम आहे. त्याच्या कलम १९ नुसार कुणालाही केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सेवा उपलब्ध नाहीत म्हणून मनोरुग्णालयात ठेवता येत नाही.

शेवटचं कारण पुन्हा वाचा. बाहेर सेवा नाहीत, हे आत ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. जॉर्जियाला जो बचाव तीन अटींमधून थोडा तरी मिळाला, तो आपल्या कायद्याने शब्दांत तरी काढून घेतला आहे. या बाबतीत आपला कायदा ओल्मस्टेडच्या पुढे आहे.

आणि तरी इलेनच्या मार्च १९९५ ची पुनरावृत्ती आपल्याच राज्यात झाली. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बऱ्या झालेल्या पण न्यायला कुणी नसलेल्या रुग्णांना इथून भिक्षेकरी गृहांसारख्या संस्थांत हलवलं जात असल्याचं सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, आणि जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेवरून चाललेलं हे प्रकरण. त्याच प्रकरणात २०१७ मध्ये न्यायालयाने बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला केंद्राला सांगितलं होतं. इलेनचा निवारा आणि आपलं भिक्षेकरी गृह यांत फरक करायचा झाला तर एवढाच की, तिच्या वेळी वकिलाची तक्रार आधी पोहोचली.

आपल्याकडे ‘घरी पाठवणं’ म्हणजे नातेवाइकांच्या हवाली करणं, असंच धरलं जातं. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना गावी पोहोचवण्याचं कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं काम मोठं आहे, डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्यांचं गावच सापडत नाही, ज्यांचा भाऊ फोन उचलत नाही, जिच्या सासरच्यांनी दुसरी सून आणली, तिचं काय? तिला स्वतःचं घर मिळू शकतं, ही कल्पनाच आपल्या डिस्चार्जच्या फॉर्ममध्ये नाही.

ती कल्पना प्रत्यक्षात आणलेली उदाहरणं मात्र आहेत. चेन्नईच्या ‘द बॅन्यन’ संस्थेने २०१५ च्या सुमारास ‘होम अगेन’ नावाचं काम सुरू केलं. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेले चार-पाच जण मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात आणि गरजेप्रमाणे मदतनीस असते. हे काम तमिळनाडूबाहेरही गेलं, आणि त्यात आपलं रत्नागिरी आहे. अशा घराला आपल्याकडे काय लागतं ते लिहून काढलं तर यादी अगदी जमिनीवरची होते: भाडेकरारावर सही करायला तयार घरमालक, आधार कार्ड, बँकेत खातं, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, जवळच्या सरकारी दवाखान्यात महिन्याची औषधं, आणि रात्री काही झालं तर फोन उचलणारी व्यक्ती. यातलं एकही काम डॉक्टरचं नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाचं आहे, आणि शेकडो रुग्णांच्या मागे ती माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात.

अशी घरं वाढतील तेव्हा लोइसच्या गट-निवासांचा अनुभव आठवावा लागेल. दाराची किल्ली कुणाकडे, आज काय शिजवायचं हे कोण ठरवतं, पाहुणा आला तर कुणाला विचारावं लागतं, मदतनीस पटली नाही तर बदलता येते का: तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवहीआधी हे विचारावं.

पण त्याआधीची मागणी अगदी साधी आहे आणि ती आजच्या आज पुरी करता येण्याजोगी आहे. चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांनी दर तीन महिन्यांनी जाहीर करावं: डिस्चार्जयोग्य ठरवलेले किती जण आत आहेत, त्यातल्या प्रत्येकाला ते ठरवून किती महिने झाले, आणि त्यांच्यासाठी कोणती सेवा अडली आहे. नावं नकोत, आकडे पुरेत. जॉर्जियात २,१०९ आणि ७०० हे दोन आकडे कागदावर आले, तेव्हा ‘पैसे नाहीत’ हे उत्तर किती पोकळ होतं ते दिसलं.